वयाच्या नावावर खपून जाणारे पडद्याचे आजार

डोळ्याचा पडदा म्हणजे दृष्टिपटल. भिंगातून आलेला प्रकाश ज्याच्यावर पडतो ते हे अस्तर जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे असते. त्याच्या मध्यावर मॅक्युला नावाचा पाच-साडेपाच मिलिमीटरचा गोल असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक कामे तोच सांभाळतो. साठीनंतर या पडद्याला जे काही होते त्यातले बहुतेक चार-पाच नावांत बसते: मधुमेहाने रक्तवाहिन्यांत होणारा बिघाड, शीर बंद पडून होणारा रक्तस्राव, वयोमानाने होणारी मॅक्युलाची झीज, मॅक्युलावर चढणारी सुरकुतलेली झिल्ली किंवा तिथे पडणारे भोक. उरतात ते विरळ आजार. एकेकटा घेतला तर असा आजार एखाद्या डॉक्टरला वर्ष-दोन वर्षांत एकदाच भेटेल. पण त्यांची यादी इतकी लांब आहे, की त्यांच्यापैकी कोणी ना कोणी तपासणीच्या बाकावर बसलेले असतेच.

ते निसटतात त्याची कारणे फारशी शास्त्रीय नाहीत. वृद्धाच्या डोळ्यात बहुधा मोतीबिंदू असतो, त्यामुळे अंधुक दिसण्याला एक आयते उत्तर मिळते. रुग्ण स्वतःच "आता वयच झालं" म्हणत आत येतो आणि घरचेही मान डोलावतात. त्यातून कागदावर मधुमेहाची नोंद असली, की पडद्यावर दिसणारा प्रत्येक लाल ठिपका मधुमेहाच्या खात्यावर जमा होतो. नाव एकदा चिकटले की पुढच्या प्रत्येक भेटीत तेच पुढे लिहिले जाते. फाईल जाड होते, निदान तिथेच राहते. म्हणून विरळ आजाराचा शोध बहुतेक वेळा एका विसंगतीपासून सुरू होतो: जे नाव दिले आहे त्यातून रुग्णाची एखादी तक्रार, पडद्यावरचे एखादे चिन्ह किंवा औषधाचा परिणाम उलगडत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक याच प्रकारची आहे. सत्तरीला टेकलेल्या एक निवृत्त शिक्षिका दोन्ही डोळ्यांपुढे माश्या फिरतात, धुक्यातून पाहिल्यासारखे वाटते, अशी तक्रार घेऊन आल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आधीच झालेल्या. डोळा लाल नाही, दुखत नाही. डोळ्याच्या पोकळीतल्या जेलीसारख्या द्रवात, म्हणजे व्हिट्रियसमध्ये, पेशी तरंगताना दिसत होत्या. युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, असे निदान झाले आणि स्टिरॉइड सुरू झाले. तीन आठवड्यांत डोळे निवळले. गोळ्या कमी करताच धुके परत आले. पुन्हा गोळ्या, पुन्हा आराम, पुन्हा धुके. मांटू चाचणीची गाठ मोठी आली, तेव्हा क्षयाची औषधेही जोडली गेली. भारतात ही चाचणी असंख्य निरोगी माणसांतही सकारात्मक येते, हे माहीत असूनही. आठ महिने असे गेले. एके दिवशी सोबत आलेली सून सहज बोलून गेली, की सासूबाई हल्ली आमटीत दोनदा मीठ घालतात आणि बोलता बोलता मध्येच थांबतात. मेंदूचा एमआरआय झाला. त्यात गाठी होत्या. व्हिट्रियसचा नमुना तपासला तेव्हा त्यात लिम्फोमाच्या, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगाच्या पेशी सापडल्या.

फाईल नंतर पहिल्या पानापासून वाचली गेली. "व्हिट्रियसमध्ये भरपूर पेशी, मॅक्युला सपाट, वेदना नाही" हे शब्द लेखकाच्याच अक्षरात चार वेगवेगळ्या तारखांना लिहिलेले होते. इतका जुना, इतका दाट दाह खरा असता, तर एव्हाना मॅक्युलाला सूज यायला हवी होती. पेशी खूप आणि सूज नाही, हीच ती विसंगती. ती दिसली होती, नोंदलीही होती. विचारात तेवढी घेतली नव्हती. शिक्षिकाबाईंना डोळ्यांत मेथोट्रेक्सेटची इंजेक्शने आणि कर्करोगतज्ज्ञांकडे केमोथेरपी सुरू झाली. डोळे निवळले. मेंदूतल्या गाठींना मिळालेले आठ महिने मात्र परत घेता आले नाहीत.

डोळ्यातला हा लिम्फोमा मुख्यतः पन्नाशी-साठीनंतरचा आजार आहे आणि वेश पालटण्यात तरबेज आहे. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, त्याच्या पेशी साध्या दाहातल्या पेशींपेक्षा थोड्या मोठ्या दिसतात आणि पडदे टांगावेत तशा थरांनी लटकलेल्या असतात. कधी दृष्टिपटलाच्या खाली मलईसारखे पिवळट साठे दिसतात. स्टिरॉइडने या पेशींपैकी काही मरतात, म्हणून सुरुवातीला गुण येतो आणि डॉक्टर स्वतःच्या निदानावर खूश होतो. याच कारणाने स्टिरॉइड चालू असताना घेतलेला नमुना हमखास फसवतो. नमुन्याआधी किमान दोन आठवडे स्टिरॉइड थांबवावे लागते. पेशी नाजूक असतात, बाटलीत पडून राहिल्या तर ओळखू येण्यापलीकडे जातात. म्हणून शस्त्रक्रियेची वेळ ठरवतानाच पॅथॉलॉजिस्टला फोन करून ठेवावा, पाणी न मिसळलेला नमुना द्यावा आणि तो ताबडतोब हातोहात पोचवावा. शनिवारी संध्याकाळी अशी शस्त्रक्रिया ठेवू नये, हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, पण ते तितकेच महत्त्वाचे आहे. पेशींच्या तपासणीबरोबर इंटरल्यूकिन-१० आणि इंटरल्यूकिन-६ यांचे प्रमाण मोजले जाते. पहिले दुसऱ्यापेक्षा जास्त असले तर संशय बळावतो. एमवायडी-८८ या जनुकातला ठरावीक बदल सापडला तर तो आणखी पक्का होतो. एक नमुना कोरा आला म्हणून लिम्फोमा नाही असे होत नाही. डोळ्यात तो सापडला की मेंदूचा काँट्रास्ट देऊन केलेला एमआरआय लागतोच. तो स्वच्छ आला तरी पुढची काही वर्षे पुन्हा पुन्हा करावा लागतो, कारण बहुतेक रुग्णांत आजार आज ना उद्या मेंदूत दिसतो.

क्षयाचा संशय घेणे आपल्याकडे गैर नाही. डोळ्यातला क्षय खराच असतो आणि त्याला औषधही आहे. पण मांटूच्या एका गाठीवर निदान उभे करू नये. उलट सिफिलिसची चाचणी मात्र आजी-आजोबांच्या बाबतीत संकोचापोटी टाळली जाते. हा आजार पडद्याच्या जवळजवळ कोणत्याही आजाराचे रूप घेऊ शकतो, पेनिसिलिनने बरा होतो, आणि स्टिरॉइड एकटे दिले तर भडकतो. चाचणी सगळ्यांची करायची असा नियम ठेवला, की कोणाला वेगळे विचारण्याची वेळच येत नाही.

लिम्फोमात चूक होते ती औषधाला गुण आल्यामुळे. मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया, टाइप २, या आजारात ती गुण न येता होते. दुसऱ्या मतासाठी येणाऱ्यांमध्ये हा रुग्ण नेहमीचा: वय पंचावन्न-साठ, मधुमेह दहा वर्षांचा, "पडद्याला सूज आहे" म्हणून डोळ्यात पाच-सहा इंजेक्शने झालेली, फरक शून्य, खर्च भरपूर. नीट विचारले तर तो सांगतो, की दूरचे ठीक दिसते, पण वर्तमानपत्र वाचताना शब्दातले एखादे अक्षर गायब होते. "कमल" वाचताना "क" आणि "ल" दिसतात, "म" शोधावा लागतो. मॅक्युलाच्या केंद्राला लागून, कानाच्या बाजूला, पडद्याची पारदर्शकता हरवून तो भाग राखट झालेला असतो. एखादी बारीक शीर काटकोनात वळून आत शिरलेली असते. कधी चमकणारे सूक्ष्म स्फटिकही दिसतात.

घोटाळा होतो तो दोन तपासण्यांच्या वाचनात. अँजिओग्राफीत, म्हणजे रंग टोचून काढलेल्या छायाचित्रांत, त्या जागी रंग पाझरताना दिसतो, आणि पाझर म्हणजे सूज असे गृहीत धरले जाते. ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या थरांचा छेद दाखवणाऱ्या तपासणीत, काळ्या पोकळ्या दिसतात, आणि पोकळी म्हणजे साठलेले पाणी असे वाटते. खरे तर पाणी साठले की पडदा फुगतो. इथे तो पातळ झालेला असतो. पोकळी पाण्याची नसते. तिथली पेशीच झिजून गेलेली असते आणि वरचा पातळ थर रिकाम्या जागेवर चादरीसारखा लोंबत असतो. अहवालाच्या कोपऱ्यात मॅक्युलाच्या जाडीचा आकडा मायक्रॉनमध्ये छापलेला असतो. "सूज" हा शब्द उच्चारण्यापूर्वी तो आकडा पाहिला, तरी यातली बरीच इंजेक्शने वाचतील. नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवल्या असतील तरच इंजेक्शनचा उपयोग आहे. मूळ झिजेवर बराच काळ काहीच उपाय नव्हता. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेशींचे पोषण करणारे प्रथिन डोळ्यात हळूहळू सोडणाऱ्या एका सूक्ष्म रोपणाला मान्यता दिली. त्याने झीज मंदावते, गेलेली नजर परत येत नाही.

या आजाराचे वर्णन मायामीचे डॉ. डोनाल्ड गॅस आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये केले. मॅक्युलाच्या मधोमध अंड्याच्या बलकासारखा पिवळा साठा जमणारा प्रौढांतला आजारही गॅस यांनीच १९७४ मध्ये मांडला होता. ओसीटीचे पहिले छेद शास्त्रज्ञांसमोर आले १९९१ मध्ये. म्हणजे गॅस यांच्याजवळ फिल्मवरची अँजिओग्राफी, भिंग आणि चिकाटी एवढेच होते. आज यंत्र मिनिटाभरात छेद काढून देते आणि पडद्याकडे प्रत्यक्ष पाहण्याची गरज संपली असे वाटू लागते. त्या पिवळ्या साठ्याचेच उदाहरण घ्यावे. नुसत्या ओसीटीवर तो वयोमानाच्या रक्तस्रावी झिजेसारखा भासतो आणि रुग्ण इंजेक्शनच्या रांगेत जातो. प्रत्यक्ष पाहिले तर तो पिवळा दिसतो आणि आजूबाजूला रक्ताचा थेंब नसतो. ऑटोफ्लुरोसन्स छायाचित्रात तो दिव्यासारखा उजळतो. तिथेच प्रश्न मिटतो.

रक्तस्राव खरा असेल तेव्हाही तो कुठून झाला हे पाहावे लागते. उच्च रक्तदाब असलेल्या वृद्धांत, विशेषतः स्त्रियांत, पडद्याच्या धमनीला फुगा येऊन तो फुटतो. मग रक्त पडद्याच्या खाली, आत आणि वर अशा तिन्ही पातळ्यांवर सापडते. एकाच ठिकाणी तिन्ही थरांत रक्त दिसले, की धमनीवर बोट ठेवून तिचा माग काढावा. फुगा बहुधा त्या रक्ताच्या मधोमध असतो. पॉलिपॉइडल व्हॅस्क्युलोपॅथी हा १९८२ मध्ये लॉरेन्स यानुझी यांनी प्रथम मांडलेला आजार पाश्चात्त्य पुस्तकांत विरळ म्हणून गणला गेला, पण आशियाई लोकांत तो तितका विरळ नाही. पडद्याखाली नारिंगी मण्यांसारखे उंचवटे आणि मोठे रक्ताळलेले फुगवटे दिसले, की नेहमीची अँजिओग्राफी पुरत नाही. हिरव्या रंगाची, म्हणजे इंडोसायनिन ग्रीनची करावी लागते.

मधुमेह दोन्ही डोळ्यांना साधारण सारखाच झोडपतो. एका डोळ्यात रक्ताचे ठिपके पुष्कळ आणि दुसरा जवळजवळ स्वच्छ, असे दिसले तर मान तपासायला हवी. एक आजोबा सांगत, "उन्हात ओट्यावर बसलं की उजवा डोळा विझतो, घरात आलं की हळूहळू पेटतो." हे वाक्य तीन ठिकाणी ऐकले गेले होते आणि तिन्ही ठिकाणी मोतीबिंदूत जमा झाले होते. मोतीबिंदूने उन्हात डोळे दिपतात हे खरे, पण डोळा विझत नाही. प्रखर प्रकाशानंतर पडद्याला जास्त रक्त लागते. मानेतली कॅरॉटिड धमनी तुंबली असली की ते वेळेवर पोचत नाही. अशा डोळ्यात धमन्या बारीक आणि शिरा फुगलेल्या असतात, मात्र शीर बंद पडलेल्या डोळ्यासारख्या नागमोडी नसतात. ठिपके मध्यापासून थोडे दूर, मधल्या पट्ट्यात असतात. पापणीवरून बोटाने हलका दाब दिला, की दृष्टीच्या नसेच्या तोंडाशी धमनी धडधडताना दिसते, कारण तिच्यातला दाबच कमी झालेला असतो. डोळ्यात एवढी चिन्हे दिसतात तेव्हा धमनी बहुधा नव्वद टक्क्यांच्या आसपास बंद झालेली असते. मानेचा डॉप्लर त्याच आठवड्यात करावा आणि रुग्णाला हृदयरोगतज्ज्ञाकडेही पाठवावे. इथे नजरेपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते: पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका.

दोन्ही डोळ्यांत एकाच सुमारास शिरा तुंबल्या, तर ते स्थानिक दुखणे समजू नये. रक्त घट्ट होण्याचे, रक्तपेशींच्या किंवा प्रथिनांच्या आजाराचे ते लक्षण असू शकते. साधा सीबीसी, ईएसआर आणि प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस या तपासण्यांतून असे आजार हाती लागतात.

औषधांनी होणारे आजार ओळखायला यंत्रापेक्षा पिशवी जास्त उपयोगी पडते. "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" या प्रश्नाला उत्तर येते "बीपीची आणि शुगरची". घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून आणायला सांगितले, की टेबलावर पंधरा पाकिटे पडतात आणि त्यांतले एखादे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचे निघते. संधिवातासाठी हे औषध फार जुने आणि चांगले आहे, आणि भारतात ते मधुमेहासाठीही दिले जाते. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीने २०१६ मध्ये त्याची मर्यादा प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम अशी ठरवली. पंचेचाळीस किलोच्या आजीला ती २२५ मिलिग्रॅम येते. दोनशेच्या दोन गोळ्या रोज घेतल्या, की मात्रा किलोमागे जवळजवळ नऊ मिलिग्रॅमवर जाते. मूत्रपिंड मंद असले किंवा टॅमॉक्सिफेन सोबत चालू असले, तर धोका आणखी वाढतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी हवी. आशियाई लोकांत हा बिघाड पुष्कळदा मॅक्युलाच्या केंद्रापासून दूर, कडेच्या वर्तुळात सुरू होतो. फक्त मधल्या दहा अंशांची दृष्टिक्षेत्र चाचणी करून "सगळे ठीक" असा शेरा मारला, की तो निसटतो. चोवीस किंवा तीस अंशांची चाचणी आणि रुंद ओसीटी लागते. गोळी मात्र ज्या डॉक्टरांनी दिली त्यांच्याशी बोलल्याशिवाय परस्पर बंद करू नये.

मूत्राशयाच्या दुखण्यावर वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या पेंटोसान पॉलिसल्फेटची गोष्ट याहून बोलकी आहे. हे औषध अनेक वर्षे बाजारात होते. २०१८ मध्ये अटलांटातल्या एमरी विद्यापीठाच्या नेत्रतज्ज्ञांनी सहा रुग्णांच्या मॅक्युलात एकसारखे काळे-पिवळे ठिपके पाहिले. त्याआधी असे रुग्ण वयोमानाची झीज किंवा आनुवंशिक आजार अशा नावांखाली जात असणार. सहाही जणांत समान धागा निघाला तो या गोळीचा. २०२० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात इशारा आला.

काही आजारांत पडदा पाहायला चांगला दिसतो आणि तिथेच पंचाईत होते. रुग्ण म्हणतो, डोळ्यापुढे सतत चमचम होते, तिन्हीसांजेनंतर काही दिसत नाही, बाजूला कोण बसले आहे ते कळत नाही. डॉक्टर पाहतो तर पडदा स्वच्छ, चष्म्याचा नंबर तोच. मग "मनाचे आहे" असा शेरा पडतो आणि रुग्णाला झोपेची गोळी मिळते. शरीरात कुठेतरी, विशेषतः फुफ्फुसात, वाढणाऱ्या कर्करोगाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चुकून पडद्यातल्या प्रकाशपेशींवर हल्ला करतात, असा एक विरळ आजार आहे. १९७६ मध्ये त्याचे पहिले वर्णन झाले. नजरेची तक्रार कर्करोग सापडण्याच्या काही महिने आधीही येऊ शकते. अशा वेळी इआरजी ही तपासणी उत्तर देते. हृदयाचा आलेख जसा इसीजी, तसा पडद्याच्या विद्युत प्रतिसादाचा आलेख म्हणजे इआरजी. दिसायला चांगल्या पडद्याचा आलेख सपाट आला, की छातीचा सीटी स्कॅन करायलाच हवा. त्याच आलेखातून एक सुखद निदानही निघते: यकृताच्या जुन्या आजारात किंवा आतड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि उतारवयात रातांधळेपणा येतो. जीवनसत्त्व दिले की तो बऱ्याच अंशी ओसरतो.

याच्या उलट चार्ल्स बॉने सिंड्रोम. मॅक्युला झिजलेल्या वृद्धाला भिंतीवर फुलांची नक्षी, छोटी माणसे, फेटे बांधलेल्या माणसांच्या रांगा दिसतात. तो ते कोणाला सांगत नाही, कारण घरचे वेडाचा संशय घेतील किंवा देवऋषीकडे नेतील. स्विस निसर्गशास्त्रज्ञ बॉने याने १७६० मध्ये आपल्या आजोबांवरून हे नोंदवले. मेंदूला डोळ्याकडून चित्रे मिळेनाशी झाली, की तो स्वतःची बनवतो. बुद्धी शाबूत असते. हे एवढे समजावून सांगितले, तरी निम्मी भीती जाते.

पूर्वी झालेल्या कर्करोगाची चौकशी शब्द जपून करावी लागते. "कर्करोग झाला होता का?" असे विचारले की उत्तर "नाही" येते. "कधी गाठ काढली होती का?" म्हटले की "हो, छातीतली, बारा वर्षं झाली, ते बरं झालं" असे ऐकायला मिळते. स्तनाचा किंवा फुफ्फुसाचा कर्करोग पडद्यामागच्या थरात मलईच्या रंगाची गाठ करून बसतो आणि पडदा पाण्याने उचलला जातो. चूक उलट्या दिशेनेही होते. वृद्धांच्या पडद्याच्या कडेला, कानाच्या बाजूला, पेशींखाली रक्त साठून काळपट उंचवटा तयार होतो. तो मेलॅनोमासारखा दिसतो, पण कर्करोग नसतो आणि बहुधा आपोआप विरतो. बी-स्कॅन सोनोग्राफी आणि थोड्या आठवड्यांनी पुन्हा पाहणे एवढ्याने गोष्ट स्पष्ट होते. डोळा काढण्याचा सल्ला देण्याची घाई इथे करू नये.

तपासणीचा क्रम बिघडल्यानेही काही खुणा जातात. गर्दीच्या दवाखान्यात रुग्ण आत येण्याआधीच मदतनीस बाहुली मोठी करणारे थेंब टाकून मोकळा होतो. त्यानंतर बाहुलीची चाचणी करता येत नाही. ही चाचणी साध्या टॉर्चची आहे: प्रकाश एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झुलवायचा आणि बाहुली आकुंचन पावण्याऐवजी पसरते का ते पाहायचे. पसरली तर त्या बाजूची नस किंवा पडद्याचा मोठा भाग आजारी आहे. मोतीबिंदू कितीही पिकला तरी त्या डोळ्यात हे चिन्ह येत नाही. म्हणजे मोतीबिंदूच्या मागे दुसरे काही दडले आहे का, हे शस्त्रक्रियेपूर्वी अर्ध्या मिनिटात कळू शकते. मॅक्युलाची परीक्षाही अशीच स्वस्त आहे. दहा सेकंद टॉर्चकडे पाहायला लावून नंतर आधीची ओळ पुन्हा वाचायला किती वेळ लागतो ते मोजावे. निरोगी डोळा मिनिटाच्या आत सावरतो. थेंब टाकल्यावर मात्र दोन्ही डोळे पाहावेत, तक्रार एकाच डोळ्याची असली तरी, आणि कडेपर्यंत पाहावेत. मोतीबिंदू इतका दाट असेल की आतले काही दिसत नाही, तर बी-स्कॅन केल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देऊ नये.

घरच्या घरी नजर ठेवायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून, महिन्याच्या चौकटीच्या रेघांकडे पाहावे. मग दुसरा डोळा झाकावा. रेघ वाकडी दिसली, एखादी तारीख पुसल्यासारखी वाटली, तर त्याच आठवड्यात दाखवावे. दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहिले की चांगला डोळा वाईटाचे सगळे झाकून नेतो. डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची पिशवी, जुनी फाईल आणि ओसीटीच्या मूळ रंगीत प्रती न्याव्यात. झेरॉक्समध्ये राखाडी छटांचा चिखल होतो. सोबत रोज घरात असणारे माणूस न्यावे, गाडी चालवणारे तेवढे नको. मिठाची गोष्ट सुनेने सांगितली होती. मुलाला ती ठाऊकच नव्हती.

मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर निदानाचे नाव, मात्रा आणि तारखा असतातच. त्याखाली एक ओळ वेगळी लिहावी: या निदानात काय बसत नाही. "सहा इंजेक्शने, मॅक्युलाची जाडी आधीच कमी". "मधुमेह, पण ठिपके फक्त उजवीकडे". "पेशी भरपूर, सूज नाही, स्टिरॉइड आठ महिने". शिक्षिकाबाईंच्या फाईलमधून यातली शेवटची ओळ दुसऱ्याच महिन्यात लिहिता आली असती, फक्त आठच्या जागी दोन हा आकडा पडला असता.